एका क्लचचा ट्रॅक्टर आणि छातीएवढं गवत

व्हरमाँट हे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातलं छोटं, डोंगराळ राज्य. तिथल्या जुन्या शेतात ऑगस्ट महिन्यात टिमथी गवत कमरेच्या वर गेलेलं असतं, त्यातून गोल्डनरॉडचे पिवळे तुरे वर आलेले असतात आणि कडेला दगडी गडगा असतो. गडग्यापलीकडे मेपल, बर्च आणि पाइनचं दाट रान. हे रान शेतात यायला टपलेलं असतं. दोन-तीन वर्षं शेताला हात लावला नाही, की गवत मागे पडतं आणि गोल्डनरॉड माजतो. मग काटेरी ब्लॅकबेरीची जाळी येतात, त्यांच्या आडोशाला पाइन आणि बर्चची रोपं धरतात. पंधरा-वीस वर्षांनी तिथे शेत होतं हे सांगायला फक्त तो गडगा उरतो.

हे असं एकदा घडून गेलेलं आहे. १८११ मध्ये लिस्बनमधला अमेरिकेचा वाणिज्य दूत विल्यम जार्विस याने स्पेनच्या मेरिनो मेंढ्या व्हरमाँटमध्ये आणल्या आणि पुढच्या तीस वर्षांत राज्यभर लोकरीचं वेड पसरलं. १८४० च्या सुमारास तिथे माणसं तीन लाखांपेक्षा कमी आणि मेंढ्या सुमारे १७ लाख होत्या. एवढ्या तोंडांसाठी डोंगरच्या डोंगर बोडके केले गेले. मग लोकरीचे भाव पडले, पश्चिमेकडे सपाट, काळी जमीन मिळू लागली, माणसं निघून गेली आणि झाडं परत आली. आज राज्याची तीन चतुर्थांशांच्या आसपास जमीन जंगलाखाली आहे. उरलेली मोकळी शेतं, जिथे गुरं नाहीत आणि वैरणही काढत नाहीत, ती मोकळी राहिली आहेत ती वर्षातून एकदा कुणीतरी ती कापतं म्हणून. आपल्याकडे न कापलेलं गवत गुरांच्या पोटात जातं, नाहीतर उन्हाळ्यात वाळून जातं. तिथे दोन्ही होत नाही. पाऊस किंवा बर्फ बाराही महिने, खाणारं कुणी नाही.

अशा चार-पाच एकरांच्या तुकड्यासाठी कुणी लाखो रुपयांचा नवा ट्रॅक्टर घेत नाही. कोठारातून बाहेर निघतो तो पाऊणशे वर्षांचा, अंग करडं आणि पोट लाल असलेला फोर्ड ८-एन. त्याच्या मागे लावलेला असतो फ्लेल मोअर. आपल्याकडे उसाचं पाचट बारीक करायला जो मल्चर वापरतात, त्याच जातीचं हे यंत्र. ही जोडी जमते छान, पण ती चालवायची तर या ट्रॅक्टरच्या पोटात ताकद कुठून कुठे जाते ते कळलं पाहिजे. नव्या ट्रॅक्टरवर ते न कळताही भागतं. जुन्यावर भागत नाही.

आधी ट्रॅक्टर. १९३८ च्या ऑक्टोबरात आयर्लंडचा हॅरी फर्ग्युसन हेन्री फोर्डच्या डिअरबॉर्नमधल्या शेतावर आपला छोटा ट्रॅक्टर घेऊन गेला. त्याची करामत मागच्या तीन दांड्यांत होती. तोवर नांगर ट्रॅक्टरमागे साखळीने किंवा आकड्याने ओढला जाई. तो खडकात अडकला तर ट्रॅक्टरचं पुढचं टोक वर उचललं जाई आणि चालकावर उलटून पडे. फर्ग्युसनने खाली दोन आणि वर एक अशा तीन दांड्यांनी अवजार ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलं आणि हायड्रॉलिकने त्याची खोली सांभाळली. वरची दांडी, म्हणजे टॉप लिंक, मागून दाबली जाते तेव्हा पुढची चाकं उचलली जाण्याऐवजी जमिनीवर टेकून राहतात. फोर्डला ते इतकं पटलं की दोघांनी कागद न करता हातात हात देऊन करार केला. १९३९ मध्ये ९-एन बाजारात आला, १९४२ मध्ये २-एन. पुढे हेन्री फोर्डच्या नातवाने तो तोंडी करार मोडला आणि १९४७ मध्ये फर्ग्युसनला वगळून त्याच्याच पद्धतीचा ८-एन काढला. फर्ग्युसन कोर्टात गेला. १९५२ मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलरवर तडजोड झाली. तोवर ८-एन पाच लाखांवर विकले गेले होते.

आज नांदेडपासून कोल्हापूरपर्यंत रोटाव्हेटर, नांगर, पेरणी यंत्र, जे काही ट्रॅक्टरच्या मागे लटकतं ते याच तीन दांड्यांवर लटकतं. शेतीच्या यंत्रांतली एवढी मोठी देणगी देणाऱ्या माणसाचं नाव आपल्या शेतकऱ्यांना फारसं माहीत नाही, याची मला खंत वाटते. ‘मॅसी फर्ग्युसन’ हे नाव रोज तोंडी असतं, पण त्यातला फर्ग्युसन कोण ते कुणी विचारत नाही.

८-एनची ताकद नव्या हिशेबाने किरकोळ. चार सिलिंडरचं, दोन लिटरला थोडं कमी असं पेट्रोल इंजिन, पीटीओवर, म्हणजे अवजाराला ताकद देणाऱ्या मागच्या शाफ्टवर, पंचवीस एचपीच्या आसपास. वजन सुमारे ११०० किलो. सहा व्होल्टची बॅटरी, तीही उलटी जोडलेली, म्हणजे धन टोक अंगाला. पण त्याचे सुटे भाग आजही नवे बनतात. इंजिन उघडायला संगणक लागत नाही, आणि ज्याला पाना धरता येतो त्याला तो दुरुस्त करता येतो. म्हणून तो टिकला.

आता गवत कापायच्या तऱ्हा. सगळ्यात जुनी कटर बारची. ट्रॅक्टरच्या बगलेतून बाहेर काढलेली लांब पट्टी, तिच्यात दातेरी पातं इकडून तिकडे सरकतं. न्हाव्याचं केस कापायचं मशीन तेच करतं. गवत बुडाशी स्वच्छ कापलं जातं आणि आडवं पडतं, वैरणीसाठी याहून चांगलं काही नाही. पण एक दगड बोटांमध्ये अडकला की पातं तुटतं, आणि व्हरमाँटच्या शेतात दगडांना तोटा नाही. दुसरी तऱ्हा आडव्या फिरणाऱ्या पात्याची. पोलादी छपराखाली छताच्या पंख्यासारखी दोन जड पाती गरगरतात, मनगटाएवढं झुडूपही तोडतात. ताकद कमी लागते, दुरुस्ती कमी निघते. पण दगड सापडला तर तो गोळीसारखा बाजूला सुटतो, आणि ही पाती म्हणजे एक मोठं फिरतं वजन असतं. त्या वजनाचं पुढे काय होतं ते थोड्या वेळाने येईलच.

तिसरी तऱ्हा फ्लेलची. फ्लेल म्हणजे युरोपात धान्य झोडपायचं जुनं हत्यार: एक लांब काठी आणि तिच्या टोकाला चामड्याच्या वादीने बांधलेली आखूड काठी. कोकणात भाताच्या पेंढ्या फळीवर आपटून झोडतात, देशावर खळ्यात बैलांची पात फिरवून मळणी करत. युरोपात ही जोडकाठी पेंढीवर मारत. मारणारी काठी हातातल्या काठीला घट्ट नसते, वादीवर झुलते. मोअरला नाव मिळालं ते याच झुलण्यावरून.

यंत्र असं असतं. पोलादी पेटीत चाकांच्या आसाला समांतर असा एक आडवा जाड नळ, म्हणजे रोटर. त्याच्यावर ओळींनी कान जोडलेले आणि प्रत्येक कानात पिनेवर मोकळी झुलणारी पाती. कधी इंग्रजी वाय अक्षरासारखी दुहेरी, कधी हातोडीच्या डोक्यासारखी जड. ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टवरून ताकद मधल्या गिअरबॉक्समध्ये येते, काटकोनात वळते, वेग वाढतो आणि बाजूच्या व्ही-बेल्टवरून रोटरला पोचते. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरतो, रोटर साधारण २००० फेऱ्यांच्या घरात. मागे एक लांब रूळ असतो, त्यावर मशीन टेकतं आणि कापायची उंची ठरते.

रोटर थांबलेला असताना पाती मेलेल्या बोटांसारखी खाली लोंबत असतात. हाताने हलवली तर खुळखुळतात. यांनी गवत कसं कापायचं, असं वाटतं. फिरू लागली की मात्र त्यांचं रूप बदलतं. समजा एक पातं अर्ध्या किलोचं आहे आणि त्याचं वजन रोटरच्या मध्यापासून १५ सेंटिमीटरवर आहे. २००० फेऱ्यांना ते बाहेरच्या बाजूला सव्वातीनशे किलोहून अधिक जोराने पिनेला ओढतं. गवताच्या काडीला ते पातं कांबीसारखं ताठ वाटतं. त्याचं टोक ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने गवताला भिडतं. काडी मागे वाकायच्या आत तुटते. विळ्याच्या धारेची इथे फार गरज नाही, कारण इथे काम धारेपेक्षा वेगाचं असतं.

आणि दगड आला तर? कटर बारचं पातं तुटलं असतं, आडव्या पात्याला खोल खाच पडली असती. फ्लेलचं पातं मात्र पिनेवर मागे दुमडतं, दगडावरून निघून जातं आणि पुढच्या फेरीत पुन्हा ताठ होतं. धक्का एका पात्यालाच बसतो. तो रोटरपर्यंत आणि गिअरबॉक्सपर्यंत पुरता पोचत नाही. व्हरमाँटमध्ये दर हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि खालचे दगड थोडे थोडे वर ढकलतं. गेल्या वर्षी साफ केलेल्या शेतात या वर्षी नवे दगड असतात. तिथे हे दुमडणारं पातं शहाणपणाचं ठरतं. पेटी बंद आणि मागे जाड रबराचा पडदा, त्यामुळे दगड उडाले तरी फार लांब जात नाहीत. बहुतेक शेतीच्या फ्लेलमध्ये रोटर चाकांच्या उलट फिरतो, पाती जमिनीलगत पुढे जातात, गवत उचलून वरून मागे नेतात आणि पेटीच्या आत ते आणखी दोन-तीनदा कापलं जातं. म्हणून मागे पेंढी पडत नाही, कुट्टी पडते.

या झुलण्याची किंमतही असते. एक पातं तुटून गेलं आणि लक्षात आलं नाही, तर समोरच्या पात्याचं सव्वातीनशे किलोंचं ओढणं तोलायला कुणी नसतं. ते ओढणं सेकंदाला तेहतीस वेळा दिशा बदलत बेअरिंगवर आपटत राहतं. सीटखाली मुंगी आल्यासारखी थरथर सुरू होते. ती जाणवली की थांबायचं. तेवढी एक फेरी पुरी करू, म्हणायचं नाही. आणि पातं बदलताना एकटं बदलायचं नाही, समोरच्यासह जोडीने बदलायचं. नवं पातं आणि चार वर्षं झिजलेलं पातं यांचं वजन सारखं नसतं.

आता मुख्य गोष्टीकडे. ८-एनला क्लच एकच आहे, आणि इंजिनची सगळी ताकद त्या एका दारातून जाते. दाराच्या पलीकडे गिअरबॉक्समध्ये ती दोन वाटांना फुटते: एक वाट मागच्या चाकांकडे, दुसरी पीटीओकडे. पाय दाबून दार बंद केलं की दोन्ही वाटांना येणारी ताकद थांबते. पण दोन्ही वाटा एकमेकींना आतून जोडलेल्याच राहतात. हे एक वाक्य नीट समजलं की या ट्रॅक्टरवरची बाकीची सगळी गोष्ट आपोआप उलगडते.

समजा मोअर पूर्ण वेगात आहे आणि समोर गडगा आला. चालक क्लच दाबतो. इंजिन सुटलं. ट्रॅक्टर थांबायला हवा, पण तो पुढे जातच राहतो. कारण तिकडे रोटर अजून फिरतो आहे. तो पीटीओ शाफ्टला फिरवतो, शाफ्ट गिअरबॉक्सला आणि गिअरबॉक्स चाकांना. मोअरच ट्रॅक्टरला ढकलतो. ढोबळ हिशेब करून पाहा. दोन डझन पाती आणि रोटरचा नळ २००० फेऱ्यांवर जेवढी ऊर्जा साठवतात, ती पहिल्या गिअरमध्ये चालणाऱ्या ट्रॅक्टर आणि मोअरच्या पुढे जाण्याच्या ऊर्जेच्या सात-आठ पट भरते. ब्रेकला ट्रॅक्टरबरोबरच ही सगळी ऊर्जाही जिरवावी लागते, आणि जुन्या ८-एनचे ब्रेक त्यासाठी बनलेले नाहीत. आडव्या पात्याच्या मोअरमध्ये वजन मध्यापासून लांब असतं, म्हणून तिथे ही ढकलणी याहून वाईट. त्या ढकलणीने माणसं कुंपणात, ओढ्यात, कोठाराच्या भिंतीत गेली आहेत.

इलाज सायकलने शंभर वर्षांपूर्वीच शोधलेला आहे. उतारावर पायडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं, कारण मध्ये फ्रीव्हील असतं. चाक पायडलला उलटं फिरवू शकत नाही. पीटीओच्या टोकाला तसाच एकदिशी जोड लावायचा. इंजिन मोअरला फिरवेल, मोअर चाकांना फिरवू शकणार नाही. क्लच दाबला की ट्रॅक्टर थांबतो आणि रोटर आपला एकटा फिरत फिरत शांत होतो. काही फ्लेल मोअरच्या गिअरबॉक्समध्ये हा जोड आतच असतो. नसेल तर बाहेरून लावावा लागतो. तो लावताना दोन अडचणी हमखास येतात. ८-एनचा पीटीओ शाफ्ट सव्वा इंचाहूनही बारीक, एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाचा. पुढे प्रमाण ठरलं ते एक पूर्णांक तीन अष्टमांश इंचाचं, म्हणून जोड दोन मापांचा घ्यावा लागतो. आणि या जोडाने काही इंच लांबी वाढते, म्हणून मोअरचा शाफ्ट तेवढा कापावा लागतो. नाही कापला, तर मोअर उचलताना शाफ्टच्या दोन नळ्या एकमेकींत शेवटपर्यंत घुसतात आणि बेअरिंग फोडतात. हा जोड नसलेल्या ८-एनमागे मोअर लावून शेतात उतरू नये, असं मला ठामपणे वाटतं. मोअर कितीही हलका असला तरी.

एका दाराचा दुसरा परिणाम लिफ्टवर होतो. ८-एनचा हायड्रॉलिक पंप पीटीओच्या वाटेवरच बसवलेला आहे. पीटीओ सुरू नसेल तर पंप फिरत नाही आणि मोअर उचलला जात नाही. नव्या ट्रॅक्टरवर चालक बांधाशी येतो, पीटीओ बंद करतो, मोअर उचलतो, वळतो. इथे तसं करता येत नाही. उचलायचं तर पाती फिरतच उचलायची. म्हणून फार वर उचलायचं नाही, रूळ जमिनीपासून हातभर सुटला की पुरे. आणि वळताना मागे माणूस नाही ना, हे प्रत्येक वेळी बघायचं.

तिसरा परिणाम चालीचा. पीटीओला ५४० फेऱ्या मिळायच्या तर ८-एनचं इंजिन १५०० फेऱ्यांवर ठेवावं लागतं. त्या रेसला पहिल्या गिअरमध्ये ट्रॅक्टर ताशी साडेचार किलोमीटरच्या आसपास चालतो, साध्या चालीने चालणाऱ्या माणसाएवढा. वरवर ही चाल संथ वाटते. पण छातीएवढ्या, दाट, बुडाशी ओल्या गवतात दीड मीटर रुंदीचा पट्टा या चालीने कापायचा तर पंचवीस एचपीची दमछाक होते. इंजिन दबतं आणि रेस उतरते. इथे गणित उलटं फिरतं: फेऱ्या निम्म्या झाल्या तर पात्याची ओढ निम्मी होत नाही, चतकोर होते. ढिली पाती गवत कापण्याऐवजी त्याला झोडतात, गवत पेटीत गुंडाळलं जातं, बेल्ट घसरतो, जळका वास येतो. साहजिकच वाटतं की जरा हळू जावं. पण पहिल्याच्या खाली गिअर नाही. रेस कमी केली तर चाल कमी होते, पण रोटरही तेवढाच मंदावतो, कारण दोघांची ताकद एकाच दारातून येते. क्लच दाबून चाल रोखावी, तर रोटरला येणारी ताकदही तुटते.

मग काय करायचं? चाल कमी करता येत नाही तर पट्टा अरुंद करायचा. पूर्ण दीड मीटर गवतात घालायचा नाही, पाऊण मीटरच घालायचा आणि उरलेला मोअर आधी कापलेल्या जागेवरून न्यायचा. इंजिनला अर्धंच काम मिळतं, रेस टिकते, पाती ताठ राहतात. शेताला दुप्पट फेऱ्या होतात, पण कापणी होते. दुसरा मार्ग दोनदा कापायचा. पहिल्या वेळी मोअर उंच ठेवून वरचं अर्धं गवत उडवायचं, चार दिवसांनी खाली ठेवून उरलेलं. जुन्या ट्रॅक्टरवर काम करणारी माणसं हे कुणी न सांगता शिकतात. इंजिनचा आवाज खाली गेला की त्यांचे हात आपोआप स्टिअरिंग कापलेल्या बाजूला वळवतात.

या अडचणी तेव्हाच्या लोकांनाही कळत होत्या. कॅनडाच्या कॉकशट कंपनीने १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या ‘३०’ ट्रॅक्टरला पीटीओसाठी स्वतंत्र क्लच दिला. फर्ग्युसन नावाच्या ट्रॅक्टरांतही १९५६ मध्ये एफई-३५ ला दोन टप्प्यांचा क्लच आला. अर्धा पाय दाबला की चाकं सुटतात, पीटीओ चालूच, पूर्ण दाबला की दोन्ही सुटतात. हा एफई-३५ पुढे मॅसी फर्ग्युसन ३५ झाला. चेन्नईत १९६० मध्ये सुरू झालेल्या टॅफेने भारतात मॅसी फर्ग्युसन बनवायला घेतले, आणि आपल्या गावांतला १०३५ त्याच घराण्यातला. १९६३ नंतर मुंबईच्या कांदिवलीत बनू लागलेला बी-२७५ देखील मुळात इंटरनॅशनल हार्वेस्टरचा त्याच काळातला नमुना. आपल्याकडे ट्रॅक्टर घेताना आजही पहिला प्रश्न येतो, ‘सिंगल क्लच की डबल?’ मळणी यंत्र आणि रोटाव्हेटर चालवणाऱ्याला त्या प्रश्नाचं मोल माहीत असतं. तो प्रश्न ८-एनच्या पिढीने विचारायला शिकवला.

प्रत्यक्ष कापणीचा दिवस या सगळ्या हिशेबाने सुरू होतो. दव उडेपर्यंत थांबायचं, ओलं गवत पेटीला आतून चिकटून थर धरतं. रोटरच्या बेअरिंगला आणि शाफ्टच्या जोडांना ग्रीस मारायचं. तेलात हवा गाळणारा एअर क्लीनर उघडून खालची वाटी बघायची. फ्लेल इतकी धूळ आणि बी उडवतो की वाटीत काळा गाळ साचतो. दर तासाला उतरून रेडिएटरची जाळी हाताने साफ करायची, नाहीतर गवताचं बी तिच्यावर चादरीसारखं बसतं आणि पाणी उकळतं. ८-एनचा मूळ सायलेन्सर पोटाखालून आडवा जातो. वाळलेल्या गवतात तो ठिणगी धरू शकतो, म्हणून बरेच जण उभी नळी बसवून घेतात. आणि उतारावर आडवं जायचं नाही. त्या काळच्या ट्रॅक्टरवर चालकाला वाचवणारी उलटण-चौकट नव्हती. स्वीडनने ती नव्या ट्रॅक्टरवर सक्तीची केली १९५९ मध्ये, ८-एन बंद झाल्यावर सात वर्षांनी. साडेचार किलोमीटरची चाल, निम्म्या पट्ट्याची कापणी आणि मधले थांबे धरले तर दाट गवतात तासाला अर्धा-पाऊण एकर होतं. पाच एकरांना पूर्ण दिवस जातो.

कापायचं कधी, हा प्रश्नही महत्त्वाचा. व्हरमाँटच्या गवतात बोबोलिंक नावाचा पक्षी घरटं करतो, थेट जमिनीवर. हिवाळ्यात तो दक्षिण अमेरिकेत जातो, जाऊन-येऊन वीस हजार किलोमीटरचा प्रवास, आणि मे महिन्यात याच शेतात उतरतो. जूनमध्ये फ्लेल घातला तर त्याची पिल्लं वाचत नाहीत. म्हणून वैरणीची गरज नसलेले लोक ऑगस्टपर्यंत थांबतात, आणि शेत कडेने गोल गोल न कापता मधून बाहेर कापत जातात, म्हणजे ससे-उंदीर कडेच्या रानाकडे पळू शकतात. कडेने आत कापत गेलं तर सगळे जीव मधल्या शेवटच्या पट्ट्यात कोंडले जातात.

फ्लेलचा एक दोष इथे सांगायलाच हवा. तो गवताबरोबर किडेही उचलून घेतो आणि चिरडतो. कटर बार यापेक्षा दयाळू. शिवाय बारीक कुट्टी जागेवरच कुजते आणि जमीन सुपीक होते. हे ऐकायला चांगलं वाटतं, पण रानफुलांना गरीब जमीन लागते. जमीन सुपीक झाली की दांडगी गवतं फुलांना दाबून टाकतात. इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकापासून फुलांची बहुतेक सगळी जुनी कुरणं गेली. उरलेली सांभाळणारे लोक कापलेलं गवत उचलून न्यायचा आग्रह धरतात तो यामुळेच. ज्याला फुलं हवीत, त्याने फ्लेल दरवर्षी सगळ्या शेतावर फिरवू नये. यंदा अर्धं, पुढच्या वर्षी उरलेलं.

आपल्याकडे नेमका तोच दोष गुण होतो. ऊस तुटून गेल्यावर शेतात हेक्टरी साधारण आठ ते दहा टन पाचट उरतं. ते पेटवायची जुनी सवय, आणि त्या जाळात जमिनीतलं सेंद्रिय द्रव्य आणि जीवाणू दोन्ही जातात. खोडव्याच्या शेतात मल्चर फिरवला की झुलत्या पात्यांखाली पाचटाची कुट्टी होते आणि सरीत पसरते. ओल धरून राहते, तण दबतं, वरून थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकलं की पावसाळ्यापर्यंत ते मातीत मुरू लागतं. कापसाच्या पऱ्हाट्यांवरही हेच यंत्र चालतं. जाळण्याऐवजी झोडपून मातीला परत देणं, याच्यासारखं साधं आणि मोठं काम शेतीत थोडंच असेल. फक्त मल्चरला पंचवीस एचपी पुरत नाही. पाचट गवतापेक्षा चिवट असतं, म्हणून तिथे मोठा, डबल क्लचचा ट्रॅक्टर लागतो.

तिकडे व्हरमाँटमध्ये संध्याकाळी शेत कापून झालेलं असतं. रेस उतरते, क्लच दाबला जातो, गिअर न्यूट्रलला येतो, आणि एकदिशी जोडाची टकटक ऐकू येते, कारण रोटर अजून एकटाच फिरतो आहे. ती टकटक पूर्ण थांबेपर्यंत सीटवरून उतरायचं नाही. मग मोअर टेकवायचा, इंजिन बंद करायचं, वाकून एकेक पातं हलवून मोजायचं, कुठलं गेलं, कुठलं वाकलं. दोन्ही बाजूंनी धार असलेली पाती उलटी लावून आणखी एक हंगाम चालवता येतात. नोव्हेंबरात बॅटरी काढून घरात ठेवतात. मग जमीन गोठते. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की माणूस बादली घेऊन शेतभर चालतो, थंडीने वर ढकललेले नवे दगड वेचतो आणि गडग्यावर नेऊन ठेवतो. त्याच्या नजरेतून सुटलेले दगड तिथेच राहतात, मे महिन्यात त्यांच्यावर गवत येतं, आणि ऑगस्टमध्ये ते पात्यांना सापडतात.